दोष वायरीचा नव्हता

“वाय-फायच्या कांड्या भरून दिसतात आणि इंटरनेट नाही! हे काय आहे, गोकुळ?”

निहारने लॅपटॉप असा ढकलला, की तो मेजावरून घसरत गोकुळदासच्या पोटापाशी येऊन थांबला. “अकरा वाजता हैदराबादची पार्टी व्हिडिओवर येणार. वर्षभराची ऑर्डर आहे. आणि हे डबडं म्हणतंय, कनेक्शन नाही.”

निहारचं वय एकोणतीस आणि गोकुळदासचं छप्पन्न. पण मालकाच्या मुलाने इलेक्ट्रिशियनला अहो-जाहो करायचं असतं, असं डिचोलीच्या त्याच्या घरात त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याच्या कॉलेजातही शिकवलं नसावं. तिथे काय शिकवलं, ते गोकुळदासला गेल्या दोन वर्षांत दिसलं होतं. प्रिंटरमध्ये कागद नाही म्हणून प्रिंटर बदलायला निघालेला माणूस तो!

गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात औषधांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनत. गोकुळदास चोपड्याहून स्कूटरने यायचा, गेली सत्तावीस वर्षं. लागला तो ट्यूबलाइटी बदलायला. मग फॅक्स बिघडला, तो त्याने खोलला. मग कॉम्प्युटर आले, तेही त्याच्याच गळ्यात पडले. कुणी शिकवलं नाही, बिघडलेल्या यंत्रांनीच शिकवलं. ओळखपत्रावर मात्र अजून ‘इलेक्ट्रिशियन’च होतं. या सगळ्याचा त्याच्या मनावर एकच परिणाम झाला होता: यंत्रांबद्दल त्याला माया वाटे आणि ती वापरणाऱ्यांबद्दल किळस. प्लग न लावता ‘स्क्रीन काळा झाला’ म्हणून फोन करणारे कारकून, पासवर्ड विसरून वर चिडणाऱ्या बाया, कीबोर्डवर चहा सांडून ‘आपोआप झालं’ म्हणणारे अधिकारी. घरी जेवताना तो एकेकाची नक्कल करी. बायको गंगा म्हणायची, “जगात एक तुमीच शाणे. बाकीचे सगळे पिशे.” त्याला त्यात टोमणा ऐकू येत नसे.

आताही त्याने लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. खोलीभर नजर फिरवली. भिंतींना ताजा पांढरा रंग होता. कपाट जागचं हललेलं होतं, कोपऱ्यातला राउटर खिडकीखाली ठेवलेला होता आणि त्याच्यावर रंगाचे दोन शिंतोडे उडाले होते.

“काल ते घाटी हंय रंग काढूक आयले ना?” तो म्हणाला. “मेज हालयल्यानी, वायरी हालयल्यानी. आनी काय होतला?”

बोलून तो मोकळा झाला. घाटी हा शब्द त्याच्या तोंडात लहानपणापासून होता. बापाच्या तोंडात होता, शेजाऱ्यांच्या तोंडात होता. कोल्हापूर-बेळगावकडून आलेला माणूस काही बिघडवणारच, यात त्याला विचार करण्यासारखं काही वाटत नसे.

निहारला तेवढंच हवं होतं. कुणाचं तरी नाव. त्याने रंगाच्या ठेकेदाराला फोन लावला आणि रंगाऱ्याला बोलावून घेतलं.

रंगारी सुभाष दारातच उभा राहिला. गडहिंग्लजकडचा, चाळिशीचा, केसांत चुना. मागे त्याची बायको बादली घेऊन.

“वायर तू काढलीस?”

“काढली न्हाई साहेब. कपाट सारताना सुटली हुती. मी पुन्यांदा खोचली.”

“कुणाला विचारून खोचलीस? काय कळतं तुला त्यातलं?” निहारचा आवाज बाहेर मशीनवरच्या माणसांपर्यंत गेला. “एका वायरीसाठी माझी वर्षाची ऑर्डर घालवशील? चल, नीघ. उद्यापासून दोघंही या फाटकात दिसायचं नाही.”

 सुभाषने राउटरकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. बायकोने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तिला काय वाटलं ते विचारायची गरज नव्हती. “एक काम धड हुईना तुमच्यानं,” एवढं ती पुटपुटली आणि वळली. ठेकेदाराने फोनवरच सांगून टाकलं होतं: राहायला दिलेली खोलीही आजच रिकामी करा.

ते गेल्यावर गोकुळदास खुर्ची ओढून बसला. सवयीने खिशातला मोबाईल काढून त्याने आधी तो वाय-फायला जोडला.

मोबाईल झटक्यात चालू झाला.

बातम्या आल्या, व्हिडिओ चालला. म्हणजे राउटर ठणठणीत होता. वायरही व्यवस्थित खोचलेली होती. उलट, पूर्वी ती सैल असायची, ती आता घट्ट होती. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. रंगारी फारतर फाटकापर्यंत पोचला असेल. एक हाक पुरली असती.

गोकुळदासने हाक मारली नाही. आपण पाच मिनिटांपूर्वी बोललो ते चुकलं, हे या पोराला सांगायचं? या पोराला, ज्याला नेटवर्क आणि इंटरनेट यांतला फरक कळत नाही? आधी खोड सापडू दे, मग सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं आणि मान खाली घालून कामाला लागला.

विमान-मोड बंद होता. त्याने नेटवर्क काढून टाकलं, पासवर्ड घालून पुन्हा जोडलं. कांड्या भरल्या, इंटरनेट नाही. वाय-फायचं कार्ड बंद करून चालू केलं, त्याचा ड्रायव्हर उडवून नवा घातला, लॅपटॉप दोनदा बंद-चालू केला. काही नाही. निहार दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवत होता.

“नवीन लॅपटॉप मागवू का म्हापशाहून?”

“मागय,” गोकुळदास म्हणाला. “तोही तूच वापरतलंय मरे.” दुसरं वाक्य त्याने ओठांच्या आत म्हटलं.

दहा वाजता त्याने शेवटी जाड केबल आणून लॅपटॉप थेट राउटरला जोडला. तरीही नाही. तेव्हा तो मागे रेलला. केबलनेही चालत नाही, म्हणजे हवेतल्या लहरींचा प्रश्नच नव्हता. दार उघडं होतं, आतून कुणीतरी वाट अडवून बसलं होतं.

ते सापडायला आणखी पाव तास गेला. शनिवारी रात्री लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर उतरवलेलं होतं. परदेशातले क्रिकेटचे सामने फुकटात दाखवणारं. लॅपटॉपचं सगळं इंटरनेट ते आपल्याकडून फिरवून नेत होतं आणि त्याचा तिकडचा सर्व्हर आज मेला होता. गोकुळदासने ते उपटून काढलं, त्या सॉफ्टवेअरने बदलून ठेवलेल्या सेटिंग्ज मूळपदावर आणल्या, केबल काढली.

वाय-फायवर पान उघडलं.

“झालं?” निहार धावत आला. “वा! काय होतं?”

“मॅच.”

“काय?”

“शनिवारी तू मॅच बघपाक जें घातलंय, तें. वायर नाय, राउटर नाय, रंगारी नाय. तूच.”

निहारचा चेहरा क्षणभर लाल झाला. मग त्याने खोलीचं दार लोटलं. “बरं. पप्पांना सांगू नकोस.”

“आनी रंगाऱ्याक?”

“त्याचं काय?”

“त्याका परत बोलयतलंय मरे, निहारबाब?”

“आता? मीटिंग सोडून?” निहार आरशात बघून शर्टाची कॉलर नीट करत होता. “गोकुळ, रंगारी काय, हजार मिळतात. आणि नाव तर तूच घेतलंस त्याचं. मी कुठे ओळखत होतो?”

 आयुष्यभर ज्या एका गोष्टीची गोकुळदासला शिसारी होती, ती म्हणजे न तपासता दोष सांगणारा माणूस. आज सकाळी तसा एक माणूस या खोलीत होता, आणि त्याने नुसती भिंत बघून निकाल दिला होता. नंतर खरं कळल्यावर तासभर तो गप्प बसला होता. निहार मूर्ख होता; पण त्याने खरं दडवलं नव्हतं, कारण तेव्हा त्याला ते ठाऊकच नव्हतं.

त्याने अवजारांची पिशवी तिथेच ठेवली आणि हजेरीच्या वहीत सही न करता तो फाटकाबाहेर पडला.

वसाहतीच्या तोंडाशी बसथांब्यावर ते दोघं अजून होते. दोन बोचकी, एक स्टोव्ह, ब्रशांची पिशवी. बायको बोचक्यावर नवऱ्याकडे पाठ करून बसली होती. गोकुळदास स्कूटरवरून उतरला तसा सुभाष उभा राहिला, जणू पुन्हा कुणी रागवायला आलं होतं.

“तुझ्या वायरीन कायच बिघडूक ना,” गोकुळदास म्हणाला. “लॅपटॉपात खोड होती. मालकाच्या पोरान केल्ली. तुझा नाव मी घेतलंय. बघल्याशिवाय घेतलंय.”

 “मला वाटलं, माझ्याच हातनं झालं आसंल,” सुभाष म्हणाला. “त्यातलं कळतंय कुठं आपल्याला? म्हटलं, उलटी खोचली आसंल.”

“बरी खोचलंय. पयलींच्यान बरी. चल, परत चल. मी मोठ्या मालकाकडे बोलतंय.”

“नगं साहेब. काम कुठंबी मिळतंय.”  त्याने हनुवटीने मागे खूण केली. “एवढंच करा. हिला सांगा. सकाळपास्नं बोलंना झालीया.”

गोकुळदास त्या बाईसमोर गेला. सहा दिवस ती त्याच्या डोळ्यांपुढून बादल्या नेत होती आणि तिला नाव असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

“नाव कितें तुजें?”

“वर्षा.”

त्याने आपली बोली बाजूला ठेवली. तिला एक शब्दही चुकीचा कळायला नको होता. “वर्षाबाय, तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती. वायर त्यांनी बरोबर लावली होती. चूक मालकाच्या मुलाची होती, आणि त्याहून मोठी माझी. मी खोटं बोललो.”

पेडण्याची बस वळणावरून आली आणि इंजिनाच्या आवाजात त्याचे शेवटचे शब्द बुडाले. वर्षाने मान वर केली. “काय म्हनला?”

“मी खोटं बोललो!” तो ओरडला. थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. बघू देत, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

 सुभाषने बोचकी आत टाकली. कंडक्टर दारावर थाप मारून म्हणाला, “चला, चला, वेगीन!” सुभाष चढायला निघाला तसा वर्षाने त्याचा दंड धरून त्याला खाली ओढलं. पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि त्याच्या कानामागे वाळलेला रंगाचा थेंब ती पुसू लागली.

कंडक्टरने पुन्हा थाप मारली. थेंब निघेपर्यंत ती हलली नाही.