कोळशानंतरचा गहू

माझा धाकटा दीर नाकाने कांदे सोलतो, आणि आमचं नदीबंदर त्याला त्याचाच पगार देतं. मालबोटींची तपासणी त्याच्याकडे. कोळसा उतरवून त्याच बोटीत गहू भरायचा असेल, तर आधी बोटीचं पोट झाडून धुवायचं आणि मग तपासनिसाने पांढरे मोजे घालून आत कोपऱ्याकोपऱ्यातून चालायचं. तळवे पांढरे राहिले तरच गहू. हे महाशय शिडी उतरतील तर शपथ. मोजे घालून वर कठड्याशी उभे राहतात आणि मान डोलावतात. मोजे अर्थातच स्वच्छ.

त्या दिवशी पाळी आमच्या बोटीची होती. ही खेप नीट गेली तर पिठाची गिरणी वर्षभराचं काम देणार होती, नाहीतर बोट भंगारात काढायची, हे घरात ठरलेलं. मी आजारी आईकडे गेले होते, म्हणून झाडलोट नवऱ्याने केली. म्हणजे केली असं त्याने सांगितलं. परत येऊन बघते तर खराटा कोरडा ठणठणीत.

"भाऊजी, खाली जाऊन पाहिलंत?"

"दादा धुतलं म्हणाला, वहिनी. सख्ख्या भावावर संशय घेऊ?"

काय ते बंधुप्रेम. घराची वाटणी करताना हाच टेप घेऊन भिंती मोजत होता.

मी त्याचे मोजे मागून घेतले, पायात चढवले आणि खाली उतरले. मधला भाग बरा होता. कोपऱ्यांत कोळशाची भुकटी बोटभर. वर येऊन तळवे त्याच्यापुढे धरले.

"मधून चालायचं ना," तो हळूच म्हणाला. "आपल्या घरी कुठे त्या गिरणीचं पीठ येतं?"

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं. गव्हाची क्रेन वर येऊन थांबली होती. नवरा डोळ्यांनी विनवत होता. मला त्याची कीव आली नाही, बोटीची आली. कठडा धरून मी पाय उचलला आणि क्रेनवाल्याला काळा तळवा दाखवला. ही खूण बंदरात सगळ्यांना कळते. क्रेन आमच्या मागच्या बोटीकडे वळली.

"घरच्यांच्याच पोटावर पाय दिलास," नवरा म्हणाला.

"खराटा आणा," मी म्हणाले.

दीर तिथेच घुटमळत होता. "वहिनी, मोजे द्या. मागची बोट तपासायचीय."

त्या बोटीतून सकाळीच खत उतरलं होतं. मी मोजे काढून त्याच्या हातात कोंबले. त्याने ते उलटे केले, पायात घातले आणि त्या बोटीच्या कठड्याशी जाऊन मान डोलावली.