उंबऱ्यावर अडलेला पाय

सांगलीच्या एका इस्पितळात, तातडीच्या खोलीबाहेर, ही तोबा गर्दी! मध्ये नाथाजी देवऋषी. सुरी फिरवली, लिंबू कापलं, अन् लालभडक रस ठिबकला.

"रगात! हडळ हाय पोरीच्या पायात. तापलेल्या विळ्याचा डाग दिल्याबिगर जायची न्हाई!"

आत टेबलावर चंद्रा ते ऐकून लटलट कापत होती. पण उजवा पाय? त्याचा कालपासून जणू जीवच गेलेला. डॉक्टर शरयूच्या अंगाचा तिळपापड झाला. असल्याच डागानं सडलेली एक पोटरी तिनं नुकतीच पाहिली होती. या पोरीला ती बाहेर जाऊ देणार नव्हती.

कंपाउंडर फिसकन हसला. "सोंग आहे बाई, द्या हाकलून."

"गप बसा! सोंग करणाऱ्याला असा घाम फुटतो?"

तिनं पाय नीट तपासला. मग निर्जीव टाचेखाली तळहात ठेवला. "चंद्रा, दुसरा पाय वर उचल." चंद्रानं डावा पाय उचलला, तशी उजवी टाच हातावर दाबली गेली.

"हरणाबाई, तुम्ही ठेवा हात."

सासूनं हात ठेवला. "आगं बया! दाबतीया की!"

"पायात ताकद आहे. मनाला सोसवेनासं झालं की शरीर असं अडून बसतं. ती मुद्दाम करत नाही. काल झालं काय?"

हरणाबाई सांगू लागली. "शेजारी तार आली, त्येंचा पोरगा लढाईत पडला. माझा ल्योक हरिबा, हिचा नवरा, बी तिकडंच हाय. ही रडत शेजारी निघाली. म्या उंबऱ्यावरच आडवली. शिपायाच्या घरात रडायचं न्हाई, त्याला अपशकुन व्हतो. तिथंच पाय गेला."

शरयू तडक बाहेर आली. तिनं स्वतःच्या सुरीनं नाथाजीचं दुसरं लिंबू कापलं. पांढरा रस! मग त्याच्याच पूजेच्या ताटातली जास्वंद पात्यावर चोळून पुन्हा कापलं. लाल!

"फुलाचा रंग आंबटात लाल होतो. हीच तुमची हडळ."

लोकांनी वळून पाहिलं, तर नाथाजी चपला टाकून पसार.

आत हरणाबाईनं सुनेचं डोकं छातीशी धरलं. "रड गं माझे बाय," म्हणत आधी तिनंच हंबरडा फोडला. मग चंद्रा रडली, पोटभर रडली. उजवा अंगठा जरासा हलला.

"लगेच चालेल का ओ?" हरणाबाईनं आत परतलेल्या शरयूला विचारलं.

"नाही. रोज चालवायचं, धीर द्यायचा, मला दाखवायला आणायचं. माझ्याकडे चमत्कार नाहीत."

तर बाबांनो, दुखणं खरं असतं, हडळ खोटी असते. लिंबू सरबताला ठेवा अन् माणूस डॉक्टरकडे न्या. आणि विळा तापवायच्या आधी एवढं विचारा, की या घरात रडायची बंदी कुणाला आहे?