मटारच्या पुडीतला खंड्या

शिकलेली असली म्हणून काय सुनेनं फ्रीजरमध्ये मढी ठेवावीत? सासूबाईंचं डोकं आठवडाभर याच गोष्टीनं तापलं होतं. सून विद्यापीठाच्या निसर्ग-संग्रहालयात कामाला. तिथला फ्रीजर बिघडला, तशी ही बया काचेवर आपटून मेलेला पक्षी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आली आणि खुशाल मटारशेजारी ठेवून मोकळी झाली. मटारही सासूबाईंनी वर्तमानपत्रातच गुंडाळलेले.

रविवारी सकाळी सून घाईघाईत पुडी उचलून पळाली. मेलेला पक्षी कापूस भरून कसा जपतात, हे ती दुपारी आसपासच्या लोकांना दाखवणार होती. वर्ग रंगला तर दर महिन्याला, नाही तर हा पहिला तोच शेवटचा, असं साहेबांनी बजावलेलं.

इकडे सासूबाईंनी स्वयंपाकासाठी मटारची पुडी ओट्यावर काढून ठेवली. नरम झाल्यावर सोडली, तर आत निळाशार खंड्या, चोच वर करून!

"आता हिच्या साहेबांसमोरच सोक्षमोक्ष," म्हणत त्यांनी खंड्या डब्यात घातला आणि तरातरा निघाल्या. काय काय सुनवायचं, ते वाटेत घोकून ठेवलं.

दालनात डांबरगोळ्यांचा वास. कपाटांतून पेंढा भरलेली अस्वलं बघतायत. मधल्या टेबलाभोवती माणसं, पोरंटोरं. आणि सून पांढरीफटक. समोर उघडलेल्या पुडीतून मटार घरंगळत होते.

"काय मॅडम, आज मटार सोलायचा वर्ग वाटतं?" टकले साहेब म्हणाले. सगळे खो खो हसले.

सासूबाई थबकल्या. घोकलेलं सगळं ओठांवर होतं. पण माझ्या सुनेला बोलणारी मी. हा कोण लागून गेला?

त्यांनी टेबलावर डबा आपटला. "हसायला काय झालं? पक्षी नरम पडायला वेळ लागतो. मागून मी आणायचा, असं आमचं ठरलंच होतं."

"आणि हे मटार?"

"तिला खायला दिलेत. तुमच्याकडे माणसांना भूक लागत नाही का?"

आता लोक हसले ते साहेबांना.

सुनेनं डब्यातून खंड्या उचलला. पोटाशी बारीक चीर दिली, तान्ह्या बाळाचं अंगडं उतरवावं तसं पिसांसकट कातडं उतरवलं, आत कापूस बसवला, टाके घातले. पोरं टाचा उंचावून बघत होती. प्रश्नांना खळ नव्हता. सासूबाई पहिल्या खुर्चीत, उठायचं नाव नाही. शेवटी साहेबांनीच विचारलं, "पुढच्या महिन्यात काय दाखवताय?"

बाहेर पडताना सून हळूच म्हणाली, "आई, चुकलं माझं. पुन्हा घरी पक्षी नाही आणणार."

"मी कुठं म्हटलं आणू नकोस? हात सोन्याचे आहेत तुझे, पण कारटे, वेंधळी आहेस! आण, पण डब्यात ठेव. झाकणावर चोच काढ, अक्षरं लावत बसायला मला सवड नाही. आणि पुढच्या वेळीही डबा मीच आणणार. त्या टकल्याच्या तोंडी तुला एकटीला नाही द्यायची!"