दोरशिडीवर

"अहो, वर बघा की. आपलीच आहे ती," बायकोनं पुन्हा सांगितलं, तरी रंगारी खाली मान घालून जहाजाच्या फळ्याच न्याहाळत राहिला.

वर, डोलकाठीच्या आडव्या वाशावर पोट टेकून ओणव्या झालेल्या काही मुली शीड गुंडाळत होत्या. त्यांत त्याची धाकटी लेक होती. खलाशांना शिकवायचं ते शिडाचं जहाज आज लोकांना पाहायला खुलं होतं, आणि बायकोनं त्याला जवळजवळ ओढतच आणलं होतं.

रंगाऱ्याचं तारुण्य उंच इमारती रंगवत परांचीवर गेलं. मग एकदा दोर सुटला आणि तो खाली आला. जीव वाचला, पण डावा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून तो दारं आणि कुंपणं रंगवायचा. स्टुलावरसुद्धा चढायचा नाही. लेकीनं जहाजाचं नाव काढलं तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं. ती गेलीच. मग त्यानं अबोला धरला. तिचा फोन आला की तो ब्रश धुवायला उठायचा.

लेक खाली उतरून समोर आली. उन्हानं रापली होती, खांदे भरले होते. 

"पट्टा लावतेस का?" त्यानं विचारलं.

"हा काय."

त्यानं तिच्या कमरेच्या पट्ट्याची कडी ओढून पाहिली. मग झटका देऊन पाहिली.

"आम्हाला नव्हते असले."

"माहीत आहे, बाबा. म्हणून तर मी विसरत नाही."

त्यानं कडी सोडली. पलीकडे पाहुण्यांना पट्टा बांधून दोरशिडीच्या खालच्या पायऱ्या चढू देत होते.

"चढता?" लेकीनं विचारलं.

"या पायानं?"

"मी मागेच आहे. चपला काढा. हात उभ्या दोरांना, आडव्यांना नाही."

"मला शिकवतेस होय?"

"हो."

पट्टा बांधून त्यानं उजवा पाय टाकला, डावा ओढून घेतला. पुन्हा उजवा. पाठीशी लेकीचा श्वास ऐकू येत होता. थोडं वर गेल्यावर तो थांबला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि बंदरावर नजर फिरवली.

"त्या गोदामाच्या छपराला रंग पाहिजे," तो म्हणाला.

लेक हसली. खाली त्याच्या चपला हातात धरून बायको उभी होती. तिला काही घाई नव्हती.