गाईच्या चाकाचा दात

फलकच्या नाकावर राग कायम बसलेला. दहावीच्या वर्गात बाई भर वर्गासमोर म्हणाल्या, "तुझ्याच्यानं काही होणार नाही," तसं हिनं दप्तर उचललं आणि शाळेचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. घरात आईशी भांडत बसण्यापेक्षा बरं, म्हणून ती म्हाताऱ्या आमोसबाबाच्या खोलीवर जायला लागली.

घोडेगावच्या रस्त्याला लागून पत्र्याची खोली. आत म्हाताऱ्यानं जन्मभर कोरलेली लाकडी माणसं. पेटीची दांडी फिरवली की जात्यावरची बाई दळायची, न्हावी गिऱ्हाइकाची मान धरून वस्तरा चालवायचा. मोटर नाही, वीज नाही. चाकं लाकडाची, चाकांचे दातसुद्धा लाकडाचे. दारावर पाटी : 'लाकडी खेळांचं संग्रहालय. हात लावा.'

बाबाला आता धड दिसत नव्हतं. दाराशी खुर्ची टाकून तो नुसता ऐकायचा आणि तिथूनच ओरडायचा, "न्हावी कुरकुरतोय! तेल पाज त्याला!"

सगळ्यात लाडकी बाजाराची पेटी. दलाल आणि शेतकरी समोरासमोर, दोघांच्या हातांवर टॉवेल. गुरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं कोण बोलत नाही, टॉवेलाखाली बोटं दाबायची. दांडी फिरली की टॉवेल हलायचा, टक टक टक टक, आणि सौदा जमला की शेजारची गाय खट्‌दिशी मान डोलवायची.

एका रविवारी बाबा चर्चला गेलेला आणि सावेडीचं एक कुटुंब आलं. त्यांचं पोरगं मोबाईल नाचवत म्हणालं, "आत मोटर आहे. सगळं फेक आहे."

"मोटर तुझ्या टाळक्यात हाय," फलक म्हणाली.

"मग उलटी फिरवून दाखव ना. घाबरलीस?"

बाबाचा नियम एकच, दांडी उलटी फिरवायची नाही. तो हिला पाठ होता. पण घाबरलीस म्हटल्यावर हिचं डोकं सटकलं. दातओठ खाऊन तिनं दांडी उलटी हाणली. आत कडकन वाजलं. पोरगं आईमागं लपलं, आणि ती मंडळी गाडीत बसून गेलीसुद्धा.

गाईच्या चाकाचा एक दात तुटून पडला होता. फलकनं आइस्क्रीमची काडी तासून तसाच दात केला, फेविक्विकनं चिकटवला. गाय मान डोलवायला लागली. तुटका दात तिनं ओढणीच्या टोकात गाठ मारून ठेवला. फेकवेना.

दुसऱ्या दिवशी बाबानं खुर्चीतनं मान वर केली. "बाजार परत फिरव गं."

तिनं फिरवला.

"एक ठोका मऊ पडतोय."

"न्हाई बाबा. बरोबर वाजतंय."

बाबानं पेटीला कान लावला. परत, परत फिरवायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजी माझा कानच गेला."

फलकला वाटलं, विसरेल. तो विसरला नाही. जात्याला कान लावून तिलाच विचारायचा, "हे बरोबर हाय का?" न्हाव्याला तेल पाजा म्हणणं थांबलं. अर्धा कोरलेला कुंभार बाकावर तसाच पडून राहिला. आणि एक दिवस त्यानं आपली कोरायची पटाशी तिच्या हातात दिली.

"डोळं गेलं तवा कानावर काम रेटलं. आता कानबी गंडवाय लागलं. तू घे. तुझी नजर लई तेज हाय. आन भांडतीस, पर खोटं बोलत न्हाईस."

तिनं पटाशी घेतली. 'आज सांगते' म्हणत ती रोज यायची, आणि दारातली ती गप्प खुर्ची बघितली की तेलाची बाटली घेऊन न्हाव्याकडं वळायची.

शेवटी सावेडीहून बाबाची लेक मरिया टेम्पो घेऊन आली. बाबाला सोबत न्यायचं, पेट्या गोदामात टाकायच्या, खोली किराणावाल्याला द्यायची. फलकच्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, "तू लई केलंस गं बाबांचं." फलकला वाटलं, हिनं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जात्यावरची बाई टेम्पोत चढली. बाबा म्हणाला, "बाजार एकडाव ऐकू दे."

फलकनं दांडी फिरवली. गाईनं मान डोलवली.

"बरोबर वाजलं?"

खोटं जिभेवर तयारच होतं. तिनं तोंड उघडलंच नाही. बाबाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याच्या हातावर टाकला, खाली आपला हात घातला. ओढणीची गाठ सोडून तुटका दात त्याच्या तळव्यावर ठेवला.

"अहो बाबा, काय चाललंय दोघांचं?" मरिया हसत म्हणाली.

टॉवेलाखाली बाबाचा अंगठा दातावरनं फिरला. तुटक्या कडेवर थांबला. मग त्यानं फलकची बोटं धरली आणि अशी आवळली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात काढला नाही.

"उलटी फिरवलीस."

"व्हय."

"आन माझ्या कानाला खोटं पाडलंस."

बाबानं तिचा हात सोडला, टॉवेल परत खांद्यावर टाकला.

"मरिये, टेम्पो रिकामा कर."

"बाबा, असं काय करताय? किराणावाल्याला मी शब्द..."

"माझा कान शाबूत हाय. रिकामा कर." मग फलककडं तोंड न वळवता त्यानं हात पुढं केला. "माझी पटाशी."

तिनं पिशवीतनं काढून दिली. बाबानं धार अंगठ्यावर पाहिली, चाचपडत बाकाशी गेला आणि अर्धवट कुंभार पुढं ओढला.

फलक टेम्पोकडं धावली. जात्यावरची बाई उतरवायला ती वाकली, तसा मागनं बाबाचा आवाज आला.

"तू न्हाई. तू हात लावायचा न्हाई."

हात तसाच अधांतरी ठेवून ती उभी राहिली. आत पटाशीवर पहिला ठोका पडला.