दादाची लांब नळी

छोटी एक्कावन्न वर्षांची होती. पण मोठा भाऊ हयात असला की माणूस छोटाच राहतो, त्याला इलाज नाही. तर ही छोटी त्या दुपारी खाणीच्या काठावरच्या लाकडी धक्क्यावर पाय पसरून बसली होती आणि तिला उठायचाही कंटाळा आला होता. उद्या दवाखान्यात भरती व्हायचं, परवा गुडघ्याचं ऑपरेशन. मग दोन महिने पाण्याचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

दगडाची जुनी खाण, काठोकाठ पाण्यानं भरलेली. तिथं हे दोघं बहीणभाऊ तीस वर्षं लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवत होते. गुडघा दुखत होता हे खरं, पण छोटी दमली होती ती गुडघ्यानं नव्हे. ती दमली होती दादाच्या नळीनं.

ही नळी म्हणजे दोन मीटरची. पाठीवरच्या हवेच्या टाकीपासून निघते, उजव्या काखेखालून छातीवर येते आणि मानेमागून फिरून तोंडात धरून श्वास घ्यायच्या रेग्युलेटरला मिळते. एवढी लांब कशाला? तर सोबत्याची हवा संपली की आपल्या तोंडातला रेग्युलेटर काढून त्याला द्यायचा, आणि आपण हनुवटीखाली लटकणारा आखूड नळीचा दुसरा तोंडात घ्यायचा. मग दोघं निवांत वर येऊ शकतात. फक्त ती नळी सगळ्यांच्या वर पाहिजे. तिच्यावरून एखादा पट्टा किंवा कमरेच्या बॅटरीपासून विजेरीला जाणारी वायर गेली की ती वीतभर येते आणि अडते. आणि हवा संपलेला माणूस काही 'थांबतो हं' म्हणत नाही.

दादा गेले सहा महिने आधी नळी घालत होता आणि मग तिच्यावरून वायर. ज्यानं अख्ख्या जगाचे "नळी शेवटी, नळी शेवटी" म्हणून कान किटवले, तो! पहिल्यांदा छोटीला वाटलं, होतं एखाद्या वेळी. मग दर आठवड्याला व्हायला लागलं, मग दर वेळी. ती पाण्यात उतरण्याआधी जवळ जायची, "दादा, पट्टा पिळलाय बघ तुझा," म्हणायची आणि गुपचूप वायर काढून नळीखालून घ्यायची. वहिनीला तिनं एकदा आडून आडून विचारलं. वहिनी म्हणाली, "अगं, परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. पण पाण्यात तू असतेसच की बरोबर."

असतेसच की! उद्यापासून नसणार होती. आणि उद्या दादा त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन तीस मीटर खाली जाणार होता. दोघंच.

"छोटे, उठतेस का पालखी मागवू?" दादा ओरडला. डॉक्टरीणबाई धक्क्यावर बसून हसल्या. त्यांचा आजचा धडा संपला होता, आता हे दोघं उद्यासाठी खाली उतरायची दोरी नीट आहे का ते बघून येणार होते.

छोटी उठली. दादाच्या छातीवर नळी होती आणि नळीवरून वायर. आता सांगावं, असं तिनं ठरवलं. तोंड उघडलं, आणि म्हणाली, "चल." आग लागो या जिभेला! सहा महिन्यांत एकदाही वळली नाही, ती आज कशी वळणार? पण हात मात्र तिनं आज मागे ठेवले. पट्टा पिळलाय म्हणाली नाही.

सहा मीटरवर ती थांबली, दादाकडे वळली आणि स्वतःचा रेग्युलेटर तोंडातून काढून गळ्यावरून आडवा हात फिरवला. हवा संपल्याची खूण.

दादाचा हात क्षणात उठला. तीस वर्षांची सवय, त्यात काही खोट नव्हती. त्यानं तोंडातला रेग्युलेटर काढून पुढे केला. तो त्याच्या हनुवटीपुढे वीतभर आला आणि अडला. दादानं हिसका दिला. परत दिला. अडकलेला खण ओढावा तसा तो ओढत राहिला. वायर त्याच्या नाकासमोर होती, आणि ती त्याला दिसत नव्हती. काय बघायचं, हेच त्याला आठवत नव्हतं. काचेमागे त्याचे डोळे घाबरलेले होते. दादाला घाबरलेलं छोटीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

तिनं आधी त्याचा आखूड नळीचा रेग्युलेटर त्याच्या तोंडात दिला. मग स्वतःचा घेतला. एका बोटानं वायर उचलली. नळी सुटून सरळ झाली. 'वर चल' म्हणून तिनं अंगठा वर केला, आणि दोघं वर आले.

दोघांनी धक्क्याची शिडी धरली.

"किती दिवस?" दादानं विचारलं.

"सहा महिने."

"दर वेळी?"

"दर वेळी, दादा. मीच काढायचे. मला सांगता आलं नाही रे. मला वाटलं, मी आहे तोवर निभेल." तिला रडू आलं, आणि ओल्या तोंडावर ते कळतही नव्हतं, हेच काय ते बरं.

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मला कळायचं," तो म्हणाला. "तू पट्ट्याचं नाव घेतलंस की कळायचं. आपलं काय चुकलं ते कळायचं नाही, पण चुकलंय हे कळायचं. तू बोलत नव्हतीस, म्हणून मीही बोललो नाही."

वरून डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं, "सर, उद्या सकाळी किती वाजता येऊ?"

छोटीनं सवयीनं तोंड उघडलं. "उद्या ना, सरांना जरा बाहेरगावी..."

"नाही," दादा म्हणाला. "थापा नकोत. खरं ते सांग. मला जमायचं नाही, तू सांग."

छोटीनं शिडीचा गज घट्ट धरला. गुडघा ठणकत होता. ती भावाकडे न बघता म्हणाली, "सर यापुढे कुणालाही पाण्याखाली नेणार नाहीत. त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांच्याबरोबर जाणं धोक्याचं आहे."

डॉक्टरीणबाईंनी दादाकडे पाहिलं.

"बरोबर," दादा म्हणाला. शिष्याचं उत्तर चुकलं नाही की म्हणायचा तसंच, मान हलवून. "अगदी बरोबर."