अडुळशाची फांदी

"पंप कुठं धुतला?"

लीलाबाईंनी विचारलं आणि हिंदुरावांचा चहा हातातच राहिला. परसात न्हाणीच्या दगडाशेजारी अडुळसा होता. त्याचे शेंडे पिळवटले होते, पानं गोळा झाली होती. गेल्या आठवड्यात हिंदुरावांनी उसात तणनाशक मारलं आणि फवारणीचा पंप आणून धुतला तो नेमका न्हाणीच्या दगडावर. तिथलं पाणी जातं अडुळशाच्या आळ्यात. सारा जन्म शेतीत गेलेल्या माणसाला एवढं कळू नये? आता काय बोलायचं!

"ध्यानातच आलं न्हाय बग," ते म्हणाले.

"व्हय. कसं येईल!"

त्यानंतर लीलाबाईंनी अबोला धरला. कोंबड्यांशी बोलायच्या, म्हशीशी बोलायच्या, नवऱ्याशी नाही.

अडुळसा काय, कुठेही मिळतो. पण हा आईचा होता. आई गेली त्या साली लीलाबाईंनी त्याची फांदी माहेराहून, वरकुट्याहून, ओल्या फडक्यात गुंडाळून कळसला सासरी आणली. पुढे भावांनी माहेरचं घर पाडून तिथं शेततळं केलं. माहेरचं म्हणून उरलं ते हे झाड. अर्ध्या गावाचा खोकला त्याच्या काढ्यावर निघायचा. लीलाबाईंचा हट्ट एकच, पाला हवा तेवढा न्या, फांदी मागायची नाही. फांदी दिली की हाताचा गुण जातो, असं आई म्हणायची. खरं सांगायचं तर आपल्या दाराशी माणसं यावीत, ही त्यांची हौस होती. त्या हट्टापायी आता आईचं झाड दुसरीकडे कुठेच नव्हतं, आणि तेच त्यांच्या जिवाला लागलं होतं.

हिंदुरावांना थंडीत दरसाल खोकला. यंदा उबळ आली की ते तोंडावर टॉवेल दाबून गोठ्यात जायचे, बायकोला ऐकू जायला नको म्हणून. मध्येच एकदा भिगवणला जाऊन अडुळशाचं एक रोप विकत घेऊन आले. लीलाबाईंनी ते पिशवीसकट बाजूला ठेवलं.

"ह्ये माज्या आईचं हाय का?" एवढंच बोलल्या.

दोन दिवसांनी वरच्या आळीची द्वारकाबाई पाल्याला आली. तिची नात छकुली खोकत होती.

"आगं बया! ह्याला काय झालं?"

"इख गेलंय मुळात. त्येचा पाला आता न्हाय द्यायचा." लीलाबाईंचे डोळे भरले. "आज पयल्यांदाच तुला रिकाम्या हातानं धाडतीया गं."

द्वारकाबाई जरा चुळबुळली. मग म्हणाली, "मला वरडू नगंस हां. माज्या परसात हाय."

"काय हाय?"

"ह्येच झाड. लई वर्सं झाली, तुज्याच झाडाची फांदी मोडून नेलीती. चोरलेली फांदी लवकर धरती म्हनत्यात, न्हवं?"

"आन मग पाल्याला माज्या दारात कशाला येत हुतीस?"

"आता गं! पाला घरी हाय म्हनून तुज्याकडं यायचंच न्हाय व्हय?"

लीलाबाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. "चोरटी मेली!" असं म्हणत त्या तिचा दंड धरून तशाच तिच्या घरी निघाल्या.

दुपारी त्यांनी न्हाणीपासून लांब, पुढच्या अंगणात खड्डा केला. द्वारकाबाईकडून आणलेली फांदी रोवून माती दाबत होत्या, तेवढ्यात हिंदुराव बादली घेऊन आले आणि लांबच थांबले.

"बादली घासून आणलीया."

"मग घाला की पानी."

"मी घालू?"

"न्हाय तर काय गावाला बोलवू?"

ते वाकले. पाणी घालता घालता त्यांना ढास लागली. तोंड दाबून ते गोठ्याकडे वळले, तसा लीलाबाईंनी त्यांचा सदरा धरला.

"हितंच खोका. मोकळं खोका. रोज ऐकू येतंय मला."

आणि चिखलाच्या हातानं त्या त्यांची पाठ चोळत राहिल्या.